दुखणं लपवणारा टेपरेकॉर्डर

साधा कॅसेट प्लेअर बिघडायला लागला की अख्ख्या चाळीला कळायचं. बेल्ट सैल झाला की गायिकेचा आवाज दिवसेंदिवस एखाद्या भाऊसाहेबांसारखा होत जाई. हेड मळलं की बासरी आणि तबला एकाच वजनाचे वाटू लागत. टेप गुंतली की यंत्र आधी एक विव्हळ सूर काढी आणि घरातलं कोणीतरी पेन्सिल घेऊन धावे. थोडक्यात, बिघाडाची कुणकुण आठवडाभर आधी लागे आणि दुरुस्तीवाल्याकडे जायचं की नाही यावर घरात रीतसर चर्चा करायला वेळ मिळे.

डिजिटल ऑडिओ टेपचा, म्हणजे डॅटचा, स्वभाव वेगळा. प्रत्येक घराण्यात एक वडीलधारी व्यक्ती असते, जी 'काही नाही, जरा थकवा आहे' म्हणत हिंडत-फिरत असते आणि रिपोर्ट आल्यावर आधी डॉक्टरच खुर्चीत बसतात. डॅट रेकॉर्डर त्या वळणाचा. काल रात्रीपर्यंत स्वच्छ, लख्ख आवाज. आज सकाळी पूर्ण मौन. मधे कण्हणं नाही, कुंथणं नाही. या सोशिकपणाला तांत्रिक कारण आहे. ते कळलं की या यंत्राच्या निम्म्या दुखण्यांचा उलगडा होतो, आणि उरलेल्या निम्म्यांना हात लावू नये एवढं शहाणपण येतं.

सोनीने १९८७ मध्ये डॅट बाजारात आणलं तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांना घाम फुटला होता. सीडीच्या तोडीची नक्कल लोक घरबसल्या करणार, मग विकत कोण घेणार? अमेरिकेतल्या सीबीएस कंपनीने 'कॉपीकोड' नावाचा उपाय काढला. गाण्यातून ३८४० हर्ट्झच्या आसपासचा एक बारीक पट्टा कापून टाकायचा. रेकॉर्डरमधल्या चिपने ते भोक ओळखायचं आणि रेकॉर्डिंग बंद पाडायचं. तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९८८ मध्ये तपासून निकाल दिला: या युक्तीने संगीत बिघडतं, ती नको तिथे लागू होते, आणि हवी तिथे तिला सहज चुकवता येतं. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या जानेवारीत सोनीने सीबीएसचा रेकॉर्ड विभागच विकत घेतला होता, म्हणजे चोर आणि फिर्यादी एकाच घरात नांदू लागले. तरी भांडण मिटलं नाही. १९९० मध्ये गीतकार सॅमी कान आणि काही संगीत प्रकाशकांनी सोनीवर दावा लावला. अखेर १९९२ मध्ये अमेरिकेत कायदा झाला. रेकॉर्डरवर दोन टक्के आणि कोऱ्या टेपवर तीन टक्के मानधन-कर बसला आणि प्रत्येक घरगुती यंत्रात नकलेवर पहारा ठेवणारी एससीएमएस ही यंत्रणा सक्तीची झाली.

लोकांनी नकला केल्याच. पण जे कायद्याला आणि वकिलांच्या फौजेला जमलं नाही, ते पुढे बोटाच्या पेराहून लहान अशा एका रबरी रोलरने करून दाखवलं. तो कडक झाला, आणि नक्कल तर बंद पडलीच, मूळही वाजेनासं झालं.

एससीएमएसमुळे एक खोटा बिघाड जन्माला आला आणि त्याने पुष्कळ निरोगी यंत्रं दुरुस्तीच्या टेबलावर पोचवली. एखाद्या हौशी गायकाने स्वतःचंच गाणं, स्वतःच्या माइकवर, स्वतःच्या डॅटवर उतरवायचं. त्याची एक डिजिटल नक्कल यंत्र निमूटपणे करू देई. मग त्या नकलेची नक्कल करायला गेलं की दुसरं यंत्र साफ नकार देई. गायक बटणं दाबून दमायचा, केबल बदलायचा, शेवटी यंत्र उलटं करून हलवायचा. यंत्राची तब्येत ठणठणीत होती, फक्त ते मालकाला त्याच्याच गाण्याचा चोर समजत होतं. स्टुडिओसाठीच्या महागड्या यंत्रांत हा पहारा बंद करता येई. म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला मिळत होता, पण जास्त पैसे मोजल्यावर.

यातली खिशात किंवा खांद्यावर बाळगायची यंत्रं हा तर आणखीच नाजूक संसार. सोनीचे डॅट वॉकमन नव्वदच्या दशकात क्रमाने आले: टीसीडी-डी३, मग डी७, डी८, शेवटी डी१००. टॅस्कॅमचं डीए-पी१ आणि ब्रिटनच्या एचएचबीचं पोर्टाडॅट ही खांद्याला लटकवायची, व्यावसायिक ध्वनिमुद्रकांची यंत्रं. अमेरिकेत 'ग्रेटफुल डेड' या बँडने १९८४ पासून मैफलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्या चाहत्यांना बसायला वेगळी जागाच दिली होती. तिथे माइकच्या उंच काठ्यांचं रान उभं राही, आणि नव्वदच्या दशकात त्या काठ्यांच्या बुडाशी डॅट यंत्रं वळवळू लागली. धूळ, पाऊस, शेजाऱ्याच्या हातातली बिअर आणि भोवती नाचणारा समुदाय, एवढ्या सगळ्यात ही यंत्रं कामाला लागत. ती बिघडत याचं नवल नाही. ती चालत याचं आहे.

कारण आत काय चाललंय ते पाहा. डॅटची कॅसेट ७३ बाय ५४ मिलिमीटरची, आगपेटीहून जराशी मोठी. आतली टेप पावणेचार मिलिमीटर रुंद. साध्या कॅसेटमध्ये टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते. डॅटमध्ये ती ८.१५ मिलिमीटर या गतीने रांगते. पळतं ते हेड. तीस मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम मिनिटाला २००० फेरे घेतो. त्यावरची दोन हेडं रांगत्या टेपवर तिरक्या रेघा ओढतात. एक रेघ सुमारे १३.६ मायक्रॉन रुंद, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत पाचेक रेघा बसाव्यात. हा सगळा व्हीसीआरचा प्रपंच, तो आटवून खिशात घातलेला. व्हीसीआर निदान टेबलावर गप्प बसून असतो. याला मात्र कमरेला अडकवून जिने चढायचे होते.

आता हे यंत्र अडलं तर काय करावं? सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याची क्रमवार पद्धत असते. माणसाची पद्धतही क्रमवारच आहे, फक्त क्रम वेगळा. आधी एक थाप. थाप लागू पडली नाही तर दुसरी, जरा समजुतीची. मग दार उघडून आत फुंकर. फुंकरीबरोबर थोडी थुंकी ड्रमवर जाते, ती वेगळा बिघाड म्हणून पुढे कामाला येते. त्यानंतर ओळखीतल्या 'इलेक्ट्रॉनिक्सवाल्या' भाच्याला फोन. आणि सर्वात शेवटी, रात्री अकरा वाजता, घरातले झोपल्यावर, स्क्रू ड्रायव्हर.

वास्तविक पहिले संशयित साधे असतात. वॉकमनवर 'होल्ड' नावाचा एक बारीक खटका असतो. खिशात चुकून बटण दाबलं जाऊ नये म्हणून तो ठेवलेला, पण खिशात चुकून सरकतो तोच. सरकला की एकही बटण ऐकत नाही, आणि मालकाच्या मनात मोटर जळाल्यापासून मायक्रोप्रोसेसर गेल्यापर्यंत सगळं येऊन जातं. दुसरा संशयित कॅसेटच्या पाठीवरचा सरकता टॅब. साध्या कॅसेटचा कान मोडला तर त्यावर सेलोटेप चिकटवून पुन्हा रेकॉर्डिंग करता येई, ही विद्या मराठी घराघरांत होती. डॅटचा टॅब नुसता मागे-पुढे सरकतो, त्यामुळे तो कुठल्या बाजूला असला की रेकॉर्डिंग होतं यावर नवरा-बायकोत एकमत होत नाही.

तिसरे संशयित सेल. डी७ आणि डी८ला पेन्सिल सेल चार लागत, डी१००ला दोन. इथे एक फसगत ठरलेली: पडद्यावर आकडे झळकतात, म्हणून सेल चांगले आहेत असं माणूस गृहीत धरतो. आकडे दाखवायला वीज लागते नखाएवढी. ड्रम फिरवायला, टेप ओढायला आणि ती ड्रमभोवती गुंडाळायला लागते ती खरी. प्ले दाबलं की मोटरी एकदम वीज मागतात, थकलेल्या सेलचा दाब कोसळतो, यंत्र बंद पडतं. बंद पडल्यावर भार उतरतो, सेलला पुन्हा हुशारी येते आणि आकडे पुन्हा झळकतात. हा खेळ अर्धा तास चालू शकतो. त्यातून चारांपैकी दोन सेल भिंतीवरच्या घड्याळातून काढलेले, एक रिमोटमधला आणि एकच नवा असला, तर ते तीन जुने आधी रिकामे होतात आणि एकट्या नव्याच्या हुशारीचा काही उपयोग होत नाही. यंत्र कपाटात ठेवताना सेल आतच राहिले तर ते पाझरतात आणि पत्र्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. अल्कलाइन सेल असतील तर व्हिनेगर लावलेल्या बोळ्याने ती निघते, नंतर स्पिरिटने पुसून कोरडं करायचं. दुरुस्तीचा हा एक प्रकार निर्धास्तपणे घरी करावा. यात मोडण्यासारखं काही नसतं.

मग येतं दव. पुष्कळ डॅट यंत्रांत ओलावा ओळखणारा सेन्सर असतो. थंड जागेतून उबदार दमट जागेत यंत्र आणलं की ड्रमवर बाष्प धरतं, ओली टेप ड्रमला चिकटते, आणि चिकटलेली टेप मिनिटाला २००० फेरे घेणाऱ्या ड्रमबरोबर जायला निघाली तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून सेन्सर सगळं कुलूपबंद करतो. जपानी आणि युरोपीय मॅन्युअलांत याचं उदाहरण बर्फाळ रस्त्यावरून गरम खोलीत येण्याचं असतं. मुंबईत जुलै महिन्यात एअर कंडिशन्ड स्टुडिओतून बाहेर पाऊल टाकलं तरी तोच परिणाम साधतो, बर्फाचा खर्च न करता. उपाय एकच आणि तो कोणालाच आवडत नाही: कॅसेट बाहेर काढून, दार उघडं ठेवून तासभर थांबायचं. थांबणं हा उपाय असू शकतो हे माणसाला पटत नाही. तो हेअर ड्रायर आणतो. ओलावा जातो आणि सोबत प्लॅस्टिकचा एखादा भागही वाकून जातो.

इथवरच्या तक्रारी किरकोळ. सोशिकपणाचं मूळ कळतं ते हेडच्या मळापाशी. साध्या टेपवर आवाज लहरींच्या रूपात उतरतो, त्यामुळे मळ साचेल तसा आवाज मंद होतो. डॅटवर उतरतात ते आकडे, सेकंदाला पंधरा लाखांहून जास्त बिट, आणि ते रांगेने उतरवलेले नसतात. ते मुद्दाम विस्कटून, दोन रेघांत वाटून, वर तपासणीचे जादा आकडे जोडून लिहिलेले असतात. रीड-सॉलोमन नावाचं हे गणित. वाचताना काही आकडे हरवले तर उरलेल्यांवरून यंत्र हरवलेले आकडे अचूक काढतं. ऐकणाऱ्याला कळतही नाही की आत काही हरवलं होतं. मळ वाढतो, हरवणं वाढतं, दुरुस्ती वाढते, आवाज मात्र तसाच लख्ख. दुरुस्तीची मर्यादा ओलांडली की यंत्र अंदाज करायला लागतं: मागच्या आणि पुढच्या आकड्यांमधला काहीतरी मधला आकडा भरायचा. तेही पुष्कळदा खपून जातं. अंदाजही संपला की मग आवाज बंद, नाहीतर कानाला ओरखडे काढणारी खरखर.

याची कमाल बघायची तर एक हेड पूर्ण बंद पडलेलं यंत्र ऐकावं. आकड्यांची वाटणी अशी केलेली असते की एका रेघेत डाव्या बाजूचे सम आणि उजव्या बाजूचे विषम आकडे, दुसरीत त्याच्या उलट. त्यामुळे निम्मी माहिती गेली तरी एक सोडून एक आकडा हातात राहतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरत यंत्र गात राहतं. आवाजाला किरकिरीची बारीक किनार येते, एवढंच. मालक म्हणतो, 'मूळ रेकॉर्डिंगच असं असेल.' आणि तो ते यंत्र घेऊन पुढच्या मैफलीला जातो.

म्हणूनच जुने ध्वनिमुद्रक कानावर विसंबत नसत. काही डेकमध्ये ठरावीक बटणं एकत्र दाबली की किती आकडे चुकताहेत याची मोजणी पडद्यावर येई. ती मोजणी पाहून कोणत्या हेडचा रक्तदाब वाढलाय हे आधीच कळे. खिशातल्या वॉकमनवाल्याला एवढी सोय नव्हती. तो कान लावून ऐकायचा, खूश व्हायचा.

मळ काढायला कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळे. ती हलकी घासणारी असते, म्हणून वापर दहाएक सेकंदांचा. पण दहा सेकंदांत स्वच्छता होते यावर आपला विश्वास नाही. त्यामुळे लोक ती कॅसेट पिक्चर लावावा तशी लावून चहा करायला जात. हेड स्वच्छ होत होतं आणि झिजतही होतं, आणि झिजलेल्या हेडचा आवाज बिघडला म्हणून पुन्हा तीच कॅसेट लावली जात होती. हाताने सफाई करणाऱ्यांची आणखी एक तऱ्हा. तिथे शत्रू ईअरबड. कापसाचा एक तंतू हेडच्या सूक्ष्म कडेत अडकला तर हेड उपटूनच येऊ शकतं. नियम असा आहे: धागे न सुटणारं कापड किंवा शॅमॉय चामडं घ्यावं, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलं करावं, ते ड्रमवर नुसतं टेकवून स्थिर धरावं आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवावा. हात हलवायचा नाही, वर-खाली तर मुळीच नाही. पण स्वच्छतेचं आपलं शिक्षण तांब्या-पितळेच्या भांड्यांवर झालेलं. चमकेपर्यंत घासणं हातातून जात नाही. कोलन वॉटर, सेंट, स्टोव्ह पेटवण्याचं स्पिरिट, जे बाटलीत असेल ते वापरण्याची प्रथा वेगळीच. कोलन वॉटरमधलं सुगंधी तेल मागे राहतं आणि पुढे वर्षभर धूळ मोठ्या प्रेमाने त्याला येऊन चिकटते.

मुंबई-कोकणच्या हवेत टेपवरच बुरशी धरते हे निराळं संकट. तशी टेप एकदा वाजवली की बुरशी ड्रमवर, ड्रमवरून पुढच्या टेपवर. दहा चांगल्या टेपांच्या घरात एक बुरशी आलेली टेप आधी वाजवू नये, यासाठी डॉक्टरेटची गरज नाही. तरी ती आधी वाजवली जाते, कारण तिच्यावर काय आहे याची उत्सुकता सर्वात जास्त असते.

आता यांत्रिक भाग, म्हणजे या यंत्राची खरी नाटकशाळा. कॅसेट आत गेली की तिचं झाकण उचललं जातं, दोन लहान खांब टेपला कॅसेटमधून बाहेर ओढतात, ड्रमभोवती पाव फेर गुंडाळतात आणि आपापल्या जागी घट्ट बसतात. मग पिंच रोलर पुढे येऊन टेपला कॅप्स्टनच्या बारीक दांड्यावर दाबतो आणि टेप सरकू लागते. हे सगळं तीन-चार सेकंदांत. या प्रवासात कोण कुठवर आलंय हे मेंदूला कळवायला एक फिरता संपर्क-खटका असतो, मोड स्विच. वीस-तीस वर्षांनी त्याचे तांब्याचे संपर्क काळे पडतात आणि मेंदूला भलत्याच बातम्या जाऊ लागतात. खांब जागेवर बसलेले असतात, मेंदूला वाटतं अजून निघालेच नाहीत. तो पुन्हा हुकूम सोडतो. मोटर कण्हते. मेंदूला काही कळत नाही म्हणून तो सगळ्यांना परत बोलावतो. खर्रर्र आत, खर्रर्र बाहेर, टक्. पुन्हा खर्रर्र. असे दोन-तीन प्रयोग झाले की यंत्र त्रासून कॅसेट बाहेर फेकतं, नाहीतर आतच धरून बसतं. मालक मोटर गेली असं समजतो. मोटर बिचारी निरपराध असते. खटका उघडून, संपर्क पुसून बसवला की ही यंत्रं पुष्कळदा निमूट कामाला लागतात.

दुसरा गुन्हेगार ग्रीस. कारखान्यात लावलेलं ग्रीस पंचवीस वर्षांनी डिंकासारखं होतं, खांब आपल्या वाटेत अर्ध्यावर अडतात. अशा वेळी 'थोडं तेल सोडून बघू' हा विचार ज्याच्या डोक्यात येतो, त्याच्या हातून बाटली काढून घ्यावी. जुनं ग्रीस काढल्याशिवाय वर तेल ओतलं की ते पातळ होऊन पसरतं, रोलरवर जातं, रोलरवरून टेपवर. प्लॅस्टिकचं दातेरी चाक तडकलं असेल तर एक दात चुकतो आणि खांब कायम केसभर अलीकडे थांबतात. एक केस म्हणजे पाच रेघा, हे वर आलंच आहे.

यंत्र टेप खातं ते मात्र बहुतेक वेळा पिंच रोलरमुळे. रबर कडक आणि गुळगुळीत झालं की टेप निसटते किंवा एका बाजूला चढते आणि कॅप्स्टनला वेढे घालते. पलीकडचं चाक टेप गोळा करेनासं झालं तरी तोच प्रकार. चाक फिरत नाही हे सेन्सरच्या लक्षात आलं तर यंत्र दोन-तीन सेकंद वाजून थांबतं. त्याला लोक 'सुरू होतं आणि बंद पडतं' म्हणतात आणि पुन्हा पुन्हा प्ले दाबून ते टळतं का पाहतात. प्रत्येक दाबण्याबरोबर आत थोडी आणखी टेप जमा होते.

आणि एकदा टेप आत अडकली की इथे पेन्सिल चालत नाही. कॅसेट बाहेर असताना तिची चाकं सरकत्या झाकणाआड असतात आणि त्यांना ब्रेक लागलेला असतो. आत असताना तर पेन्सिलीला शिरकावच नाही. मग माणूस कॅसेट ओढतो. तेरा मायक्रॉन जाडीची टेप ओढाताणीत ताणली जाते, तिची कड दुमडते आणि दुमडलेल्या कडेपलीकडचं गाणं कोणतंही गणित परत आणू शकत नाही. योग्य मार्ग कंटाळवाणा आहे. पाठचं झाकण उघडायचं, खांब हलवणाऱ्या मोटरचा दांडा हाताने फिरवत फिरवत खांबांना कॅसेटपर्यंत माघारी आणायचं, उरलेली सैल टेप चाक फिरवून आत घ्यायची, मगच कॅसेट उचलायची. याला वेळ लागतो. घाई असेल तर यंत्राला त्या दिवशी सुट्टी द्यावी.

एका दुखण्यापुढे मात्र भल्याभल्यांनी हात टेकले. टेपला वाट दाखवणारे खांब किंचित ढळले तर यंत्र रेघाही किंचित तिरक्या ओढू लागतं. आणि वाचतानाही तेवढंच तिरकं वाचतं! त्यामुळे स्वतःची टेप ते सुरेख वाजवतं. बाकी जगातल्या टेपा त्याला अगम्य आणि त्याच्या टेपा बाकी जगाला. मालकाची खात्री की आपलं यंत्र उत्तम, बिघाड इतरांच्यात. तो पाच वर्षं याच श्रद्धेने रेकॉर्डिंग करतो. मग एके दिवशी ते यंत्र मरतं, आणि पाच वर्षांच्या टेपा वाचणारा जगात कोणी उरत नाही. अशा टेपा वाजवायला तंत्रज्ञ कधीकधी चांगल्या यंत्राचे खांब मुद्दाम तेवढेच वाकडे लावतात. एरवी हे खांब जुळवायचे तर प्रमाण टेप आणि ऑसिलोस्कोप लागतो. हेडकडून येणाऱ्या लहरींची पट्टी पडद्यावर सपाट दिसेपर्यंत स्क्रू कणाकणाने फिरवायचे. कारखान्याने त्या स्क्रूंवर लाखेचा ठिपका लावून ठेवला आहे. त्या ठिपक्याचा अर्थ 'हात लावू नका' असा आहे, पण रात्री अकराच्या माणसाला तो 'इथून सुरुवात करा' असा दिसतो.

सोनीने २००५च्या डिसेंबरमध्ये शेवटची डॅट यंत्रं कारखान्याबाहेर पाठवली. आज सुटे भाग मिळण्याचा मुख्य रस्ता एकच आहे: दुसरं मेलेलं यंत्र. तीन बंद यंत्रं जमवून एक चालू करायचं. एकातला ड्रम, दुसऱ्यातला रोलर, तिसऱ्याची पाठ. सर्किटवरचे बारीक कपॅसिटर पाझरून भोवतालचे तांब्याचे रस्ते खात असतात, ते आधीच बदलून टाकायचे. जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा यंत्रावर 'तपासलेले नाही' अशी चिठ्ठी असेल तर विकणाऱ्याने ते कसून तपासलं असून ते चालत नाही असं धरून चालावं. 'लाइट लागतो' असं असेल तर फक्त लाइट लागतो. लॅमिंग्टन रोडला मोबाइलचा पडदा दहा मिनिटांत बदलून देणारे ढीगभर आहेत. डॅटचं नाव काढलं की ते चार्जर दाखवतात.

चालू यंत्र मिळालं तरी एक अडचण उरते. डॅट वॉकमनमधून डिजिटल आवाज बाहेर काढायला सात पिनांची खास केबल लागते आणि आज ती यंत्राहून दुर्मीळ आहे. काही हुशार लोकांनी वेगळीच वाट काढली. डॅटचीच टेप पुढे संगणकाच्या बॅकअपसाठी वापरात आली होती. सिलिकॉन ग्राफिक्सच्या संगणकांबरोबर येणारे काही टेप ड्राइव्ह गाण्याची डॅटही वाचू शकत. त्यातून गाणं सरळ फाइल म्हणून निघे, तेही वाजण्याच्या वेगापेक्षा लवकर. गाणं वाजवण्यासाठी बनवलेली यंत्रं रुसली आणि हिशेबाच्या बॅकअपसाठी बनवलेल्या यंत्राने गाणी वाचवली. उलट दिशेचा शहाणपणा मात्र अंगाशी येई: संगणकाची नव्वद मीटरची लांबलचक टेप स्वस्त आणि तीन तास चालते म्हणून लोक ती वॉकमनमध्ये घालत. ती पातळ असते. वॉकमनला ती फार आवडे. तो ती खाऊन टाके.

हे सगळं वाचून कोणाला ही जुन्या हौशींची गंमत वाटेल, पण डॅटवर नव्वदच्या दशकाचा मोठा ऐवज पडून आहे. मैफली, मुलाखती, लोकगीतांची ध्वनिमुद्रणं, स्टुडिओतली अंतिम मिश्रणं. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना डॅट फाइलमध्ये उतरवून घ्या आणि उतरवताना चुकांची मोजणीही नोंदवून ठेवा, असं सांगत आली आहे. दोन तासांची टेप वाजवून उतरवायला दोन तास लागतात आणि त्याची फाइल दीड जीबीच्या आतबाहेर होते, म्हणजे मोबाइलमधल्या लग्नाच्या एका व्हिडिओपुरती जागा.

तेव्हा कपाटात डॅट असेल तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका. ऑसिलोस्कोप ठेवणारा माणूस शोधा आणि टेपा त्याच्या हवाली करा. घरच्याच यंत्रावर वाजवायचा हट्ट असेल तर सेल चारही नवे घाला, आणि पहिली टेप अशी लावा जी खाल्ली गेली तरी कोणी रडणार नाही. आजोबांची मुलाखत दुसऱ्या नंबरला.